शंभर पांढरी लुगडी

नागपूरच्या दीक्षेहून आमचे हे परत आले तेव्हा मी दारात धान पाखडत होते. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. आल्या आल्या त्यांनी अंगावरचा पांढरा सदरा काढून घडी घातली, खाटेवर ठेवला, आणि पाणीसुद्धा न मागता मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसले. आमच्या घरात शिरलं की आधी मागच दिसायचा. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून विणणाऱ्यानं बसायचं. सासऱ्यांच्या आधीपासून त्या खड्ड्यात आमच्या घरचे लोक बसत आले होते. जाडंभरडं कापड विणायचे. धोतरं, आणि शेतात राबणाऱ्या बायांची लाल काठाची लुगडी.

"माय," ते सासूबाईंना म्हणाले, "तठी सारे पांढऱ्या कपड्यात होते. जिकडे पाह्यलं तिकडे पांढरं. अन् कितीक बायायपाशी सफेद लुगडंच नव्हतं. मागून आणलेलं, फाटकं, नवऱ्याचं धोतर गुंडाळलेलं."

सासूबाई चरख्यावर कांड्या भरत होत्या. उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. दिवसभर त्यांचं तेच काम. चरखा न थांबवता त्या म्हणाल्या, "मंग?"

"मंग आपन विणू. पुढच्या दसऱ्याले शंभर पांढरी लुगडी घेऊन जातो मी नागपूरले."

शंभर हा आकडा त्यांनी कुठून आणला ते मला कधीच कळलं नाही. मी नंतर एकदा विचारलंही. ते म्हणाले, "गाडीत बसल्या बसल्या आला."

पण काहीतरी करणं भाग होतं, हेही खरं. दीक्षा घेतल्यावर आसपासच्या खेड्यांतल्या जुन्या गिऱ्हाइकांनी आमचं कापड घेणं बंद केलं. कोणी भांडलं नाही. बाजारात आम्ही लुगडी मांडली की बाया हात लावून बघायच्या, आमच्या तोंडाकडे बघायच्या आणि पुढे जायच्या. एकीनं तर सरळ सांगितलं, "अब तुम लोग बड़े हो गए हो, बाई." त्या हिवाळ्यात माग कितीतरी दिवस रिकामा राहिला. त्याच सुमाराला आमचा जिल्हा नागपूरच्या राज्यातून निघून भोपाळच्या राज्यात गेला. सूत मात्र आम्ही आणायचो गोंदियाहूनच.

एके दुपारी सासूबाईंनी मला सूप आणि चिंचोके आणायला सांगितले. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, विसांनी मोजायच्या. चिंचोके सुपात ओतून त्यांनी ह्यांना समोर बसवलं.

"वर्साचे दिवस अठरा विसा. बराबर? आता पावसाळा काढ. खळ सुकत नाही, ताणा ओला राह्यते. पाच विसा गेले." त्यांनी पाच चिंचोके बाजूला सारले. "धानाच्या कापणीले आपन सारे जातो, दोन विसा. ताणा लावाले, खळ द्याले, सूत आणाले, तीन विसा. दुखणं, पाहुणे, मयत, दोन विसा. राह्यले किती?"

"सहा विसा," मी म्हणाले. मी चौथी शिकलेली होते.

"नऊवारी लुगडं किती दिवसात उतरते?"

"तीन," हे म्हणाले. विणकराला हा प्रश्न विचारणं म्हणजे अपमानच होता.

"मंग दोन विसा होतात. चाळीस. तुह्ये शंभर कोठून आले?"

ह्यांचा चेहरा उतरला, पण हट्ट उतरला नाही. "माय, आपन नेहमीच असं मोजत आलो. म्हणूनच अठी राह्यलो. लहान आकडा धरला का माणूस लहानच राह्यते."

सासूबाईंनी चिंचोके पुन्हा डब्यात भरले. "आकडा मोठा केल्यानं दिवस मोठा होत नाही, बाबू," एवढंच त्या म्हणाल्या आणि चरख्याकडे गेल्या.

तेव्हा मला ह्यांचं पटत होतं, सासूबाईंचं नाही. नवी नवरी होते. नवऱ्याच्या डोळ्यांत असं काही मी पहिल्यांदाच पाहत होते. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला स्वप्न बघवत नाही.

त्या वर्षी ते कापणीला गेले नाहीत. उजाडलं की खड्ड्यात उतरायचे ते दिवस मावळल्यावरच वर यायचे. उन्हाळ्यापर्यंत पंचवीस लुगडीही झाली नव्हती. मग हळूहळू वीण बदलली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. फणी दोनदा ठोकायची तिथे ते एकदाच ठोकू लागले. बाणा, म्हणजे आडवं सूत, विरळ पडू लागला. लुगडं तीन दिवसांचं दोन दिवसांत उतरू लागलं. एकदा ते मला म्हणाले, "खळ जरा दाट करत जा."

खळ मी शिजवायचे. तांदळाच्या कण्यांची पेज, घोटून घोटून, गाळून. ती सुतावर चढली की कापड कडक होतं, हाताला भरीव लागतं. त्यांनी दाट कर म्हटलं आणि मी केली. पुन्हा म्हटलं, अजून दाट केली. एवढी दाट खळ कशासाठी लागते हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. सासूबाईंनी एकदा भांड्यात बोट बुडवून बघितलं, माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं.

दसऱ्यापर्यंत एक्क्याऐंशी झाली. शंभर झाली नाहीत म्हणून हे दोन दिवस जेवले नाहीत. पण गठ्ठे बांधून आम्ही दोघं छोट्या गाडीनं गोंदियाला गेलो, तिथून मोठ्या गाडीनं नागपूरला. लुगडी पांढरीशुभ्र, कडक इस्त्री केल्यासारखी. दुपारपर्यंत सगळी गेली. एक म्हातारी लुगडं छातीशी धरून उभी राहिली, म्हणाली, "आपल्याच माणसाच्या हातचं हाये, नाई?" ह्यांनी मान हलवली. येताना गाडीत ते सारखे हसत होते. म्हणत होते, "पुढच्या वर्षी दोनशे."

उन्हाळ्यात एक बाई आली. रामपायलीच्या बाजूच्या एका खेड्यातून, पायी. चाळिशीची असेल. उन्हानं तोंड काळवंडलेलं. मी पाणी दिलं ते तिनं घेतलं. मग काखेतली पिशवी उघडून लुगडं काढलं आणि खाटेवर पसरलं. आमचंच होतं. धुतलेलं. खळ निघून गेली होती आणि खालची खाट आरपार दिसत होती. पाठीच्या बाजूला हातभर फाटलेलं होतं.

हे खड्ड्यात बसले होते. धोटा थांबला.

"बुद्धपौर्णिमेले आमच्या गावात पयला कार्यक्रम होता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मले पुढं उभं केलं होतं, बुद्धवंदना म्हणाले. गावातल्या साऱ्या बाया पाहाले आलत्या, पाटलाच्या घरच्या बी. मी हात जोडून खाली वाकली अन् लुगडं फाटलं. टर्रकन आवाज झाला. त्या हासल्या."

सासूबाई उठून तिच्याजवळ गेल्या. "बाई, माह्यापाशी एक चांगलं हाये, मी स्वता—"

"दुसरं नको मले. पैसे बी नको. हे पाहून घ्या म्हणून आली." तिनं ह्यांच्याकडे बघितलं. "त्यायले हासाले कारण पाह्यजेच होतं. वर्सभर शोधून राह्यल्या होत्या. ते आमच्या धम्मानं नाही देल्लं. तुमच्या लुगड्यानं देल्लं."

लुगडं तसंच खाटेवर ठेवून ती निघाली. मी थोडं अंतर तिच्या मागे गेले. जेवून जा म्हटलं. ती थांबली नाही. तिला काय सांगणार होते? खळ मी शिजवली होती, हे मला तिला सांगायचं होतं. ती वळणापलीकडे गेली आणि मी परत आले.

हे संध्याकाळपर्यंत खड्ड्यातून वर आले नाहीत. विणतही नव्हते. नुसते बसले होते.

त्या आठवड्यात मी त्या घरात पहिल्यांदा तोंड उघडलं. जेवणं झाली होती. मी सासूबाईंना म्हणाले, "आत्या, यंदा तुमचे दोन विसाच धरू. पण मले आणखी एक म्हणायचं हाये. किती विणायची ते नंतर. आधी हे ठरवू का एकही परत येऊ नये."

ह्यांनी वर बघितलं नाही. "ते कसं ठरवते? विकल्यावर कोणी काय करते ते आपल्याले काय मालूम?"

"विकाच्या आधी आपणच धुऊ," मी म्हणाले. "नदीवर नेतो मी. धुऊन, वाळवून मोजतो. नऊ वार भरलं तर विकाचं. नाही भरलं तर घरात."

"म्हणजे खळ न लावता विकाचं? मरलेलं दिसते कापड. कोण घेईन?"

"ज्याले नाही घ्याचं तो नाही घेईन," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "अन् मी सांगतो, बायायले इचार. कोणाले केवढं पाह्यजे, कसं पाह्यजे. आपन मनानंच नऊ वार धरून बसलो. आता पोट्ट्या पाच वारी नेसून राह्यल्या."

हे खरंच होतं. आम्ही दोघी मग हट्टा गावाकडे गेलो, रामपायलीकडे गेलो. ज्या गावात ती बाई राहायची तिथे जायचा मला धीर झाला नाही. सासूबाई एकट्या गेल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. घरोघरी आम्ही विचारलं. म्हाताऱ्यांना नऊवारी हवं होतं, तरण्यांना पाचवारी. निळा काठ बहुतेकींना हवा होता, बोटभर, जास्त नाही. एक जण म्हणाली, "बाई, जरा रुंद करा, मी उंच हाये, माह्ये पाय उघडे राह्यतात." आमच्या मागाची फणी होती तेवढीच रुंद होती. ते आम्ही तिला सांगितलं, होणार नाही म्हणून. नाही म्हणायलाही तेव्हाच शिकलो.

त्या वर्षी चाळीस विणली. वैनगंगेच्या घाटावर मी एकेक लुगडं धुतलं, दगडांवर वाळत घातलं, हातानं मोजलं. दोन आखडली, एकात गाठी होत्या. तीन घरात ठेवली. सदतीस विकली. एकही परत आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी चाळीसच्या चाळीस. मग पाचवारी निघाली, दोन दिवसांत एक उतरायचं, तेव्हा पन्नास. लोक दारात यायला लागले. लग्नाआधी चार चार महिने सांगून ठेवायचे. मी वहीत कुणाचं कधी द्यायचं ते लिहून ठेवायचे, आणि सांगितलेल्या दिवशी लुगडं तयार असायचं. हे हसायचे नाहीत फारसे, पण वीण अशी घट्ट यायची की पाणी ओतलं तर थांबेल. पाच-सहा वर्षं अशी गेली. माझ्या आयुष्यातली बरी वर्षं तेवढीच.

तरी ह्यांच्या मनातलं ते मोठं काहीतरी मेलं नव्हतं. मला ते कळायचं. बाजारातून येताना नव्या दुकानांसमोर ते थांबायचे. एकदा म्हणाले, "चाळीस, पन्नास, बस. मरेपर्यंत हेच का?" खरं तर ते चुकीचं बोलत नव्हते. घरात दोन लेकरं झाली होती, छप्पर गळत होतं, आणि गावात गिरणीचं पातळ कापड येऊ लागलं होतं.

भरवेलीच्या खाणीकडून एक माणूस आला तो फाल्गुनात. तिकडच्या मजुरांनी वर्गणी करून विहार बांधला होता, वैशाखी पौर्णिमेला उघडायचा होता. साठ बाया एकसारख्या पाचवारी लुगड्यांत हव्यात, म्हणाला. मी आणि सासूबाई तेव्हा घरी नव्हतो. आम्ही आलो तोवर हे हो म्हणून बसले होते.

"तीन महिने बी नाहीत," मी म्हणाले. "दिवस मोजले का?"

"एवढं मोठं काम पुन्हा येईन का? वीण पातळ नाही करीन. आपल्या गळ्याची आन. फक्त जास्त बसीन."

ते जास्त बसले असते तरी एक गोष्ट होती. विणणारा जेवढा जास्त बसेल तेवढ्या कांड्या जास्त लागतात. माझी धाकटी अंगावर पीत होती. कांड्या सासूबाईच भरत होत्या. आणि त्यांना त्या हिवाळ्यापासून खोकला होता. सुताची कुसं चरख्याभोवती उडायची, केसांत, भुवयांवर बसायची. खोकून खोकून त्या दम घ्यायला थांबायच्या, मग पुन्हा चाक फिरवायच्या.

"आत्या, दवाखान्यात जाऊ," मी चैत्रात म्हणाले.

"पौर्णिमा होऊ दे."

"रगत पडून राह्यलं तुमच्या खोकल्यात. मी पाह्यलं."

"पाह्यलं तर पाह्यलं. त्याले नको सांगू. त्याचा हात थांबते." मग कांडी बदलत, "एकदा आकडा चुकला त्याचा. आता पुन्हा चुकला तर तो उठत नाही, बाई. मी ओळखतो त्याले."

मी सांगितलं नाही. पुष्कळदा वाटतं, सांगायला हवं होतं. दिवस आम्ही मोजले, सूत मोजलं, धुऊन किती आखडतं ते मोजलं. सासूबाईंकडे बघूनही मी त्यांना हिशेबात धरलं नाही. चिंचोक्यांच्या त्या सुपात दुखण्याचे दिवस त्यांनीच बाजूला काढले होते, सगळ्यांसाठी. ह्या वेळी मोजायला कोणी बसलंच नाही.

पौर्णिमेला अकरा दिवस राहिले असताना त्या सकाळी चरख्याजवळ कलंडल्या. मी चुलीपाशी होते. चाकाचा आवाज थांबला म्हणून मागे वळले. हे खड्ड्यातून वर येईपर्यंत सगळं संपलं होतं. दवाखाना अर्ध्या मैलावर होता.

तोवर त्रेपन्न लुगडी झाली होती.

तिसऱ्या दिवशी हे पुन्हा मागावर बसले. घरात अजून सुतकाची माणसं होती. आम्ही आता सुतक मानत नव्हतो, पण माणसं होतीच. ह्यांच्या मावशीनं विचारलं, "काहून रे, लाज नाही का तुले?" मला ह्यांचा एवढा राग आला की मी भिंतीकडे तोंड करून बसले. धोटा दोनदा इकडून तिकडे गेला आणि थांबला. कांडी संपली होती. त्यांनी हात मागे केला, सवयीनं, आईकडे करायचे तसा. हात तसाच राहिला.

मी उठले. धाकटीला मावशीकडे दिलं आणि चरख्याशी बसले.

सात लुगडी आम्ही दोघांनी अशी पुरी केली. मी नदीवर नेऊन धुतली, मोजली. साठच्या साठ चांगली उतरली. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी हे स्वतः भरवेलीला पोचवून आले. लोकांनी फार नाव काढलं म्हणे. एकही परत आलं नाही.

त्यानंतर त्यांनी कधी आकडा काढला नाही. कोणी येऊन सांगितलं तर विणायचे, नाही सांगितलं तर अंगणात बसून राहायचे. मी दर दसऱ्याला म्हणायचे, यंदा वीस तरी धरू, यंदा पंधरा. ते म्हणायचे, "तू म्हणशीन तसं." पण माझ्या म्हणण्यानं माग चालत नव्हता. मग नायलॉनची पातळं आली. हलकी, लवकर वाळणारी. पोरींना तीच आवडायची, त्यांचं काही चुकलं नाही. मीही एक घेतलं. धुवायला खरंच सोपं होतं.

मलाजखंडला तांब्याचं काम निघालं तेव्हा ह्यांचे केस पांढरे झाले होते. रस्ते करायला, जागा सपाट करायला ठेकेदार माणसं नेत होते. एका सकाळी ते म्हणाले, "मी जातो." मी अडवलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचे, गप्प जेवायचे, जायचे.

एकदा तीन महिने आले नाहीत तेव्हा मी बसनं गेले. बैहरच्या पुढे जंगल लागतं, रस्ता तेव्हा कच्चा होता, पोचेपर्यंत दुपार झाली. टिनाच्या लांब शेडमध्ये दहा-बारा माणसं राहत होती. हे बाहेर दगडावर बसून भाकर खात होते. हात मातीनं लाल. बारीक सुताची गाठ नुसत्या स्पर्शानं ओळखणारी बोटं, त्यांना आता भेगा पडल्या होत्या.

"इथं काहून राह्यता?" मी विचारलं. "घरी चला. थोडं थोडं विणू. मी कांड्या भरतो."

त्यांनी उरलेली भाकर फडक्यात बांधली.

"अठी सकाळी मुकादम सांगते, आज मातीच्या इतक्या पाट्या," ते म्हणाले. "तितक्या टाकाच्या. झाल्या का झालं. नाही झाल्या तर तो बोंबलते, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगते. आकडा मले ठरवा लागत नाही. मले बरं वाटते."

मी डबा आणला होता तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी उघडून बघितला, भात आणि पोपटीच्या शेंगांची भाजी. "तू बी खा," म्हणाले. आम्ही दोघांनी खाल्लं. भोंगा झाला तसे ते उठले, हात झटकले, आणि इतर माणसांबरोबर उताराकडे गेले. वळून बघितलं नाही.

परतीच्या बसमध्ये शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर मोहफुलांची टोपली. तिनं विचारलं, "घरवाले क्या करते हैं?"

इतकी वर्षं मी ह्या प्रश्नाला एकच उत्तर देत आले होते, "कपड़ा बुनते हैं." तोंड उघडलं तर ते आलं नाही.

"मिट्टी उठाते हैं," मी म्हणाले.

"अच्छा है," ती म्हणाली, "पक्का काम है." आणि खिडकीतून बाहेर बघू लागली.